तार शंखात नीट बसली का?

जिथे काम करायचे ती जागा डोळ्यांना दिसत नाही, तिथवर बोट पोहोचत नाही आणि ज्याच्यासाठी काम चालले आहे तो गाढ झोपलेला. अशा वेळी काम बिनचूक झाले की नाही, हे कसे ओळखायचे? जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाच्या कानात शल्यचिकित्सक जेव्हा कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे उपकरण बसवतात, तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो. त्याचे उत्तर देण्याच्या कामी पदार्थविज्ञान आले आहे. आणि मित्रहो, त्यातले पुष्कळसे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे. ओहमचा नियम, विभवांतर, क्ष-किरण आणि थोडीशी वजाबाकी, एवढ्या शिदोरीवर आपण हे कोडे सोडवू शकतो.

हा बिनचूकपणा इतका महत्त्वाचा का, ते आधी पाहू. मूल बोलायला शिकते ते ऐकून, आणि भाषा आत्मसात करण्याची सर्वांत मोठी धाव ते पहिल्या काही वर्षांतच घेते. म्हणून जन्मतः बहिऱ्या मुलाची ही शस्त्रक्रिया शक्य तितक्या लहान वयात, पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांच्या वयात केली जाते. शस्त्रक्रियेनंतर उपकरण लगेच चालू होत नाही. जखम भरल्यावर, साधारणपणे काही आठवड्यांनी ते सुरू करतात. मोठ्या माणसाला निदान सांगता तरी येते, की 'आवाज चमत्कारिक येतो आहे'. ज्या बाळाने आयुष्यात आवाज ऐकलेलाच नाही, ते काय सांगणार? तार चुकीच्या जागी बसली असेल, तर ते कळेपर्यंत मोलाचे महिने निघून जातील आणि त्या इवल्याशा कानावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हा जी काही खात्री करायची, ती जखम शिवण्यापूर्वीच करायला हवी.

शंखातली पेटी

आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, वाटाण्याएवढा एक शंख कोरलेला असतो. त्याला कर्णशंख म्हणू. इंग्रजीतले त्याचे 'कॉक्लिया' हे नाव गोगलगायीवरून पडले आहे. या शंखाला अडीचहून थोडे अधिक वेढे असतात. ते उलगडून सरळ केले, तर लांबी भरेल जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आत द्रवाने भरलेल्या तीन नळ्या एकमेकींना लागून वर चढत जातात. त्यांच्यामध्ये एक लवचीक पडदा असून त्यावर सुमारे १५,००० केशपेशी रांगांनी बसलेल्या असतात.

आवाजाने हा पडदा हलतो. पण सगळीकडे सारखा हलत नाही. शंखाच्या तोंडाशी तो अरुंद आणि ताठ असतो, तर टोकाशी रुंद आणि सैल. त्यामुळे शिट्टीसारखा उंच कंप्रतेचा, म्हणजे दर सेकंदाला जास्त कंपनांचा, आवाज तोंडाजवळचा भाग हलवतो. ढोलासारखा खर्जातला आवाज थेट टोकापर्यंत जातो. म्हणजे जणू हार्मोनियमच्या पट्ट्याच शंखात गुंडाळून ठेवल्या आहेत. कोणती पट्टी दाबली गेली यावरून मेंदू आवाजाची उंची ओळखतो. पडद्यावरून लाटा कशा धावतात, हे जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने दाखवले. त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

केशपेशींचे काम कंपनांचे रूपांतर विद्युत्‌संदेशात करण्याचे. तिथून पुढे सुमारे ३०,००० तंतूंची श्रवणचेता तो संदेश मेंदूकडे नेते. जन्मजात बहिरेपणात पुष्कळदा बिघाड असतो तो केशपेशींत. मज्जातंतू मात्र शाबूत असतात. घराची घंटा ठीक आहे, तारा ठीक आहेत, पण बटण तेवढे नादुरुस्त आहे, असा हा प्रकार. मग बटण वगळून थेट तारेलाच वीज दिली तर?

व्होल्टाच्या कानापासून गवताच्या पात्यापर्यंत

कानाला वीज देण्याची कल्पना जुनी आहे. विद्युत्‌घटाचा जनक आलेस्सांद्रो व्होल्टा याने स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून त्या आपल्या घटमालेला जोडल्या होत्या. डोक्याला हिसका बसला आणि काहीतरी घट्ट पदार्थ खदखदत असल्यासारखा आवाज आला, असे त्याने १८०० साली लिहून ठेवले. (हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये. व्होल्टानेही तो पुन्हा केला नाही.)

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूजवळ विद्युत्‌अग्र बसवले. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांनी एकच तार शंखात घालून पाहिली. एका तारेने आवाज आहे की नाही आणि लहान आहे की मोठा, एवढेच कळते. पेटीची एकच पट्टी वाजवून गाणे कसे वाजणार? अनेक पट्ट्या हव्यात, म्हणजे एकाच बारीक दोरीवर अनेक विद्युत्‌अग्रे हवीत, आणि ती दोरी शंखाच्या वेढ्यांतून आतवर गेली पाहिजे. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांनी १९७७ मध्ये, तर ऑस्ट्रेलियात ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अशी बहुअग्री उपकरणे रुग्णांत बसवली.

क्लार्क यांची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. दोरी काही केल्या शंखात पुरेशी आत जाईना. १९७७ मध्ये ते समुद्रकिनारी बसले असताना त्यांनी एक रिकामा शंख उचलला आणि त्यात गवताचे पाते सरकवून पाहिले. टोकाशी मऊ आणि बुडाशी ताठ असलेले पाते वळणे घेत सहज आत गेले! दोरीही तशीच हवी, हे त्यांच्या ध्यानात आले. तुम्हालाही हे करून पाहता येईल. खाडीकाठी किंवा शेताच्या बांधावर गोगलगायीचा रिकामा शंख मिळाला, तर त्यात एकदा गवताचे पाते आणि एकदा तांब्याची ताठ तार घालून पाहा. तार पहिल्याच वळणावर अडते, नाहीतर तिचे टोक दुमडून मागे फिरते. ही दुमड लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

उपकरणाचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे लावतात. त्यात ध्वनिग्राहक आणि आवाजाचे कंप्रतेनुसार पृथक्करण करणारा लहानसा संगणक असतो. त्याचे गुंडाळे चुंबकाच्या साह्याने डोक्याच्या त्वचेवर चिकटून राहते. आतला भाग त्वचेखाली, हाडावर बसवतात. दोन्ही भागांना जोडणारी तार नसते. रेडिओलहरींनी वीजही आत जाते आणि माहितीही. महत्त्वाची गोष्ट अशी, की आतला भाग रेडिओलहरींनीच उलट माहिती बाहेरही पाठवू शकतो. आपली सगळी तपासणी या उलट टपालावर चालते.

शल्यचिकित्सक कानामागचे हाड सूक्ष्मदर्शकाखाली कोरत जातात. चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूच्या शेजारून, अवघ्या काही मिलिमीटर रुंदीच्या वाटेने ते मध्यकर्णात पोहोचतात आणि कर्णशंखाच्या गोल गवाक्षातून किंवा त्याच्या शेजारी पाडलेल्या छिद्रातून दोरी आत सरकवतात. दोरी सिलिकोनची, जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. तिच्यावर प्लॅटिनमची अग्रे असतात. बनावटीनुसार ती १२, १६ किंवा २२ असतात. छिद्रातून दोरी आत जाताना दिसते. पण आत गेल्यावर ती कुठे वळली, हे मात्र हाडाच्या भिंतीआड राहते. आता साक्षीदार बोलवायचे.

पहिला साक्षीदार : ओहमचा नियम

प्रत्येक अग्रातून ठरावीक, अगदी अल्प धारा सोडतात आणि त्यासाठी किती विभवांतर लागले ते उपकरण स्वतःच मोजून बाहेर कळवते. समजा, १०० मायक्रोअँपिअर धारेला ०.६ व्होल्ट लागले. तर रोध = ०.६ ÷ ०.०००१ = ६,००० ओहम. स्पंदांच्या बाबतीत याला संरोध म्हणतात. काही हजार ओहम हे उत्तर आले, की अग्र द्रवात बुडालेले आहे आणि तार शाबूत आहे. संरोध प्रचंड आला, तर तार तुटली आहे किंवा अग्रावर हवेचा बुडबुडा बसला आहे. कारण हवा वीज वाहून नेत नाही. फारच कमी आला, तर शेजारच्या दोन तारा आतून एकमेकींना चिकटल्या असाव्यात.

हा साक्षीदार प्रामाणिक आहे. पण त्याला विचारले तेवढेच तो सांगतो. ठाण्याच्या उत्तरेला कोलशेतजवळ खाडीचे पाणी इतके गढूळ असते, की तळ दिसत नाही. अशा पाण्यात नावाडी लांब बांबू खाली सोडून तळ चाचपतो. बांबूला चिखल लागला, म्हणजे तळ लागला हे खरे. पण म्हणून होडी कोलशेतच्या धक्क्याशीच आली असे ठरत नाही. चिखल खाडीत सगळीकडेच आहे! तसेच शरीरात खारट द्रव सगळीकडे आहे. दोरी कर्णशंखाऐवजी शेजारच्या, तोल सांभाळणाऱ्या नलिकांत शिरली असती, तरीही संरोध काही हजार ओहमच आला असता. 'तार धड आहे का?' याचे उत्तर मिळाले. 'तार योग्य जागी आहे का?' याचे अजून नाही.

दुसरा साक्षीदार : खुद्द मज्जातंतू

मग ज्याला ऐकायचे आहे, त्या मज्जातंतूलाच विचारले तर? एका अग्रातून विजेचा स्पंद देतात आणि जवळच्याच दुसऱ्या अग्राने कान लावून ऐकतात. तंतू जवळ असतील आणि जिवंत असतील, तर ते एकदम उद्दीपित होतात आणि त्यांचा सामूहिक विद्युत्‌प्रतिसाद सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात उमटतो. रुग्ण भुलीखाली असला, तरी हा प्रतिसाद मिळतो.

अडचण अशी, की हा प्रतिसाद असतो मायक्रोव्होल्टमध्ये, आणि आपण दिलेला स्पंद त्याच्या कित्येक पटींनी मोठा. तोफ उडाल्याबरोबर शेजारच्याची कुजबुज ऐकायची, तसे हे काम. यावर काढलेली युक्ती फार सुंदर आहे. मज्जातंतू एकदा उद्दीपित झाला, की क्षणभर तो पुन्हा प्रतिसाद देऊ शकत नाही. मग अशी चार मोजमापे घ्यायची :

अ : फक्त चाचणी-स्पंद. यात स्पंदाचा गोंगाट आहे आणि प्रतिसादही आहे.
ब : आधी एक पूर्व-स्पंद आणि लगेच चाचणी-स्पंद. पूर्व-स्पंदाने तंतू थकलेले असल्याने चाचणी-स्पंदाचा नुसता गोंगाटच उमटतो, प्रतिसाद नाही.
क : फक्त पूर्व-स्पंद.
ड : एकही स्पंद नाही, फक्त उपकरणाचा स्वतःचा गोंगाट.

आता अ − ब + क − ड एवढे करा. चाचणी-स्पंदाचा गोंगाट अ आणि ब मध्ये आहे, तो गेला. पूर्व-स्पंदाचे सारे काही ब आणि क मध्ये आहे, तेही गेले. उपकरणाचा गोंगाट चारही ठिकाणी आहे. दोनदा अधिक आणि दोनदा उणे, म्हणजे शून्य. उरला फक्त मज्जातंतूचा प्रतिसाद! वहीवर मांडून खात्री करून घ्या. हेच मोजमाप १०० वेळा घेऊन सरासरी काढली, की उरलीसुरली अनियमित खळबळ एक-दशांश होते. कारण ती मोजमापांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. मानवी रुग्णांत कॉक्लिअर इम्प्लांटच्या अग्रांतून असा प्रतिसाद मिळवल्याचे काम अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ब्राउन, अब्बास आणि गँट्झ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकातच ही सोय उपकरणात अंगभूत झाली.

याच वेळी शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकातून आणखी एक गोष्ट पाहू शकतात. मोठा आवाज झाला, की मध्यकर्णातील रिकिबीच्या हाडाला जोडलेला एक चिमुकला स्नायू आपोआप आखडतो. विजेच्या स्पंदाने तो आखडला, तर संदेश मज्जातंतूतून मेंदूच्या बुडापर्यंत जाऊन परत आला, असा त्याचा अर्थ. मात्र भूल देताना स्नायू सैल करणारे औषध वापरले असेल, तर हा स्नायू गप्प राहतो. म्हणून भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवावे लागते.

प्रतिसाद मिळाला, म्हणजे श्रवणतंतू जवळ आहेत. नाही मिळाला, तर? तर घाईने निष्कर्ष काढायचा नाही. काही मुलांचे मज्जातंतू क्षीण असतात. टेबलावर त्यांचा प्रतिसाद नोंदला गेला नाही, तरी पुढे त्यांना ऐकू येऊ शकते. अशा वेळी तिसऱ्या साक्षीदाराला विचारतात.

तिसरा साक्षीदार : चित्र आणि नकाशा

आता ती दुमड आठवा. दोरीचे टोक आत अडून मागे वळले, तर काय होईल? सगळी अग्रे द्रवात आहेत, म्हणून संरोध ठीक. सगळी मज्जातंतूंजवळ आहेत, म्हणून प्रतिसादही ठीक. दोन्ही साक्षीदार खरे बोलले आणि तरीही काम चुकले! कारण खर्जाच्या स्वरासाठी नेमलेले टोकाचे अग्र आता उंच स्वराच्या पट्टीपाशी येऊन बसले आहे, आणि दोन निरनिराळे स्वर एकाच पट्टीवर वाजू लागले आहेत.

यावर जुना आणि भरवशाचा उपाय क्ष-किरणांचा. डोक्याच्या विशिष्ट कोनातून चित्र घेतले, की शंखातल्या अग्रांची मोत्यांसारखी वेटोळी माळ दिसते आणि टोक दुमडले असल्यास तेही दिसते. मात्र त्यासाठी यंत्र शस्त्रक्रियागृहात आणावे लागते, वेळ जातो आणि थोडे प्रारणही सोसावे लागते.

नवा उपाय पुन्हा विजेचाच आहे. एका अग्रातून धारा सोडायची आणि बाकी सर्व अग्रांवर किती विभव उमटते ते मोजायचे. असे प्रत्येक अग्राबाबत करून आकड्यांचा तक्ता मांडायचा. धारेच्या जागेपासून जसजसे दूर जावे, तसतसे विभव उतरत जाते. दोरी सरळ वळणाने गेली असेल, तर क्रमांकानुसार आकडे व्यवस्थित उतरतात. टोक दुमडले असेल, तर आकडे उतरता उतरता मध्येच पुन्हा चढू लागतात. दूरच्या क्रमांकाचे अग्र प्रत्यक्षात जवळ आले आहे, याची ती चहाडी! प्रारण नाही, वेगळे यंत्र नाही, काम थोड्याच मिनिटांत. दुमड तिथल्या तिथे कळली, तर दोरी हलकेच मागे घेऊन पुन्हा नीट बसवता येते.

करून पाहा

एका उथळ प्लॅस्टिकच्या ताटाला आतून, कडेने स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल लावा. सेंटिमीटरभर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. दीड व्होल्टचे दोन घट एकापुढे एक जोडून ऋण टोक फॉइलला आणि धन टोक पेन्सिलीच्या शिशाला जोडा. प्लॅस्टिकच्या एका पट्टीवर दीड-दीड सेंटिमीटरवर १ ते ६ खुणा करून ती पाण्यात ठेवा, आणि धारेचे शिसे ताटाच्या मध्याजवळ, खूण २ वर टेकवा. मल्टिमीटरचे काळे टोक फॉइलला लावा. लाल टोकाला दुसरे शिसे जोडून खूण ३, ४, ५, ६ वर विभव मोजा. आकडे उतरत जातील. आता पट्टी खूण ४ पाशी मागे दुमडा, म्हणजे ५ ही खूण ३ जवळ आणि ६ ही खूण २ जवळ येईल. पुन्हा मोजा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. दुमड न पाहताही आलेखावरून ती ओळखता येते का, ते मित्राला विचारा. मोजमापे झटपट घ्या, घरातल्या मुख्य विजेला हात लावू नका आणि तारा शरीराला जोडू नका.

मोजमापाच्या पलीकडे

आपल्याकडे या कामाला आता चांगली मुळे धरली आहेत. मुंबईतील शल्यचिकित्सक डॉ. मिलिंद कीर्तने हे भारतातील या शस्त्रक्रियेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांवर काम करते. केंद्र शासनाच्या एडिप योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार या उपकरणासाठी ६ लाख रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली आणि तिची जबाबदारी याच संस्थेकडे सोपवली गेली. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो पालघरला, म्हणजे त्या वेळच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच. जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे.

तार नीट बसली, म्हणजे मूल ऐकू लागले असे मात्र नाही. उपकरण सुरू झाल्यावर आवाजांना अर्थ येण्यासाठी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे शिकवणी लागते. ती आई-वडील, वाचाशिक्षक आणि शाळा मिळून देतात. प्रत्येक बहिऱ्या मुलाला हे उपकरण योग्य ठरते असेही नाही. खुणांची भाषा ही स्वतः एक परिपूर्ण भाषा आहे आणि तिच्यातून शिकून मोठी झालेली माणसे आपल्याभोवती आहेत.

शिक्षकांना एक विनंती. ओहमचा नियम शिकवताना तीन साक्षीदारांची ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी, आणि मुलांना एक प्रश्न घालावा : 'आपण जे मोजले, त्यावरून नेमके काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध झाले नाही?' संरोधाने तारेची खात्री दिली, मज्जातंतूने शेजाराची दिली, नकाशाने वळणाची दिली. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर खपवली असती, तर किंमत मोजावी लागली असती ती एका न बोलणाऱ्या मुलाला.